दर्शनी किंमत दहा

चौथीच्या गणितात एक सोपा धडा असतो. फळ्यावर ५५५ लिहायचं आणि विचारायचं, हे तिन्ही पाच सारखेच आहेत का? मुलं एका सुरात हो म्हणतात. मग सांगायचं, पहिला पाच पाचशेचा आहे, मधला पन्नासाचा आणि शेवटचा नुसता पाच. ही झाली स्थानिक किंमत. जागा बदलली की ती बदलते. पण अंकाला आणखी एक किंमत असते, त्याच्या तोंडावर दिसते तीच. पाच कुठेही बसवा, तो पाचच. तिला म्हणायचं दर्शनी किंमत. ती कधीही बदलत नाही.

हे शेवटचं वाक्य मी एकोणचाळीस वर्षं मुलांकडून म्हणून घेतलं. ‘कधीही’ आलं की मी टेबलावर पट्टी आपटत असे. त्यामुळे भागाकार विसरलेल्या मुलांनासुद्धा ते वाक्य पाठ असायचं.

बाइंडर अशाच एका वर्गात होता. भागाकारात कच्चा, पण सगळ्या वर्गाच्या वह्यांना कव्हरं तोच घालायचा, कोपरे इतके नीट दुमडून की वही हातात धरावीशी वाटे. पुढे त्याने तोच धंदा केला. रस्त्याला लागून एक अरुंद खोली त्याने भाड्याने घेतली. कागद कापायचं मशीन आत ठेवल्यावर उरलेल्या जागेतून माणसाने अंग चोरून जायचं. मागच्या दाराशी उजेड येतो, तिथे त्याची बायको बुटक्या स्टुलावर बसून पुस्तकं शिवायची. छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानांची एक घडी होते, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकाला एक दोऱ्याने जोडत जायचे. शिवलेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडतं आणि पन्नास वर्षं पान सुटत नाही. नुसतं चिकटवलेलं पुस्तक दोन उन्हाळ्यांत पानं टाकायला लागतं. तिचं काम शिवण्याचं होतं आणि त्या कामाचे पैसे ती वेगळे ठेवायची.

दुपारी शेअर बाजार बंद झाला की आम्ही त्या खोलीत जमायचो. आम्ही म्हणजे समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर, ज्याचे डॉक्टर संध्याकाळपर्यंत यायचे नाहीत, ड्रायव्हरमामा, ज्यांनी एकतीस वर्षं बस चालवून निवृत्ती घेतली होती, आणि मी. आम्हा सगळ्यांकडे एकाच बँकेचे शेअर होते. ती बँक रस्त्याच्या पलीकडे होती. तिची रजिस्टरं बाइंडर बांधायचा, तिचा कॅशिअर कंपाउंडरकडून खोकल्याचं औषध न्यायचा. ओळखीच्या माणसांची बँक म्हणून आम्ही तिचे शेअर घेतले, यापलीकडे आमचा अभ्यास नव्हता. माझे पन्नासच होते, बोलण्यात भाग घेता यावा म्हणून घेतलेले.

बाइंडरचे मात्र खूप होते. एकेचाळीसच्या भावाने त्याने ते घेतले होते आणि आता भाव चौदावर आला होता.

त्यात खोलीच्या मालकाने निरोप धाडला. मालकाला खोली विकायची होती. सव्वीस वर्षांचा भाडेकरू म्हणून पहिला मान बाइंडरचा, पण मुदत तीन महिन्यांची. तीन महिन्यांत रक्कम आली नाही तर शेजारचा मोबाइलवाला तयारच होता. एकेचाळीसच्या भावाने शेअर विकले असते, त्यात बायकोची ठेव घातली असती, तर खोली झाली असती. चौदाच्या भावाने होत नव्हती. बायकोची ठेवही त्याच बँकेत होती, तिच्या नावावर, तिच्या सहीची.

‘‘अजून किती पडणार रे हा?’’ बाइंडर रोज हाच प्रश्न विचारायचा, पुठ्ठ्याला खळ लावता लावता.

‘‘पडायचा तेवढा पडला,’’ कंपाउंडर म्हणायचा. ‘‘आता ताप उतरणार. एका बिल्डरने कर्ज बुडवलं म्हणून काही बँक बुडत नाही.’’

‘‘एका?’’ ड्रायव्हरमामा म्हणायचे. ‘‘परवा पेपरात तीन होते.’’

‘‘मामा, तुम्ही पेपर वाचू नका. तुमचं बीपी वाढतं आणि गोळ्या मला उधार द्याव्या लागतात.’’

‘‘माझं बीपी तुझ्या गोळ्यांनीच वाढतं. बाइंडर, ऐक माझं. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून बसलायस तू. ब्रेक मार. आहेत तेवढे विकून मोकळा हो.’’

‘‘विकून काय करू, मामा? चौदाने विकले तर खोलीचा दरवाजा येईल फक्त.’’

‘‘दरवाजा तरी येईल.’’

सगळे हसायचे. बाइंडरही हसायचा, पण त्याचा ब्रश पुठ्ठ्यावर एकाच जागी फिरत राहायचा.

एक दिवस बाइंडरने फळीवरून बँकेचा वार्षिक अहवाल काढला. शेअर असलेल्या प्रत्येकाला तो पोस्टाने येतो. त्याने एक ओळ बोटाने दाखवली. तिथे छापलं होतं: प्रत्येक शेअरची दर्शनी किंमत १०.

‘‘गुरुजी,’’ तो म्हणाला, ‘‘दर्शनी किंमत म्हणजे तीच ना? चौथीतली?’’

मला आनंद झाला, हे खरं सांगतो. पंचेचाळिशीच्या माणसाला चौथीतला शब्द आठवावा आणि त्याने तो माझ्यासमोर म्हणावा. मी म्हणालो, ‘‘शब्द तोच.’’

‘‘मग ती कधीही बदलत नाही,’’ असं म्हणून त्याने मशीनवर चापट मारली, मी पट्टी आपटायचो तशी.

कंपाउंडरने अहवाल ओढून घेतला. ‘‘अरे, म्हणजे दहा पक्के! छापलेलंच आहे. दहाच्या खाली जाऊच शकत नाही. चौदावर आहोत, म्हणजे फार तर चार जातील.’’

‘‘माझ्या बसवर ‘जलद’ छापलेलं होतं,’’ ड्रायव्हरमामा म्हणाले. ‘‘त्याने ती जलद धावायची नाही.’’

‘‘मामा, बस वेगळी. औषधाच्या बाटलीवर छापलेली किंमत असते ना, तसं आहे हे.’’

‘‘ओळखीच्यांना तू त्याच्याखाली देतोसच की.’’

‘‘ती माझी माणुसकी. बाजाराला कुठली माणुसकी?’’

पुन्हा हशा झाला. मामांनी उत्तर दिलं होतं आणि आम्ही ते विनोद म्हणून घेतलं. बाइंडरची बायको मागून उठून आली. तिने अहवाल हातात घेतला, त्याची शिवणीकडची कड दाबून पाहिली, मधोमध उघडला.

‘‘यंदा शिवलेला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘दरवर्षी शिवून यायचा. यंदा नुसता चिकटवलाय. कागदही हलका.’’

‘‘खर्च वाचवतायत,’’ कंपाउंडर म्हणाला. ‘‘चांगलंच आहे, वहिनी. शहाणी बँक.’’

‘‘शहाणी माणसं आधी दोरा नाही वाचवत,’’ ती म्हणाली आणि आपल्या स्टुलाकडे गेली.

माझ्या मनात खुटखुट राहिली. मला शेअरमधलं काही कळत नव्हतं आणि कळत नसलेल्या गोष्टीवर मी ‘शब्द तोच’ म्हणून मोकळा झालो होतो. पुढच्या मंगळवारी मी वाचनालयात गेलो, शेअर बाजारावरचं एक जुनं पुस्तक मागितलं. अर्ध्या तासात हवं ते पान सापडलं. दर्शनी किंमत ही फक्त नोंदीपुरती असते, कंपनी सुरू होताना ठरवलेली. बाजारातला भाव तिच्या कितीही वर जाऊ शकतो आणि तिच्या कितीही खाली. अगदी शून्यापर्यंत. दहा या आकड्याखाली कोणीही हात धरून उभं नसतं.

म्हणजे शब्द तोच होता आणि अर्थ तो नव्हता. मी उठलो ते थेट दुकानाकडे जायला हवं होतं. पण मला वाटलं, उद्या दुपारी सगळे असतील, तेव्हा नीट सांगू.

आता माझ्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मुलांना उत्तर कधी सांगत नसे. उत्तर सांगितलं की मूल ते खिशात टाकतं आणि खिसा फाटका असतो. म्हणून मी प्रश्न विचारायचो, असा की मुलाने दोन पावलं टाकली की चूक त्याच्याच पायाखाली यावी. मूल चुकलं तरी मी लगेच खोडायचो नाही. चुकीचं उत्तर रात्रभर त्याच्याकडे राहू द्यायचो. सकाळी येऊन पाटी पुसणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. या पद्धतीचं मला कौतुक होतं. लोकांनाही होतं.

बुधवारी भाव अकराच्या जरा वर होता. दुकानात सगळे होते. बायको मागे शिवत होती. मी बाइंडरला म्हणालो, ‘‘एक प्रश्न सोडव.’’

‘‘विचारा, गुरुजी. छडी नाही ना आणली?’’

मी समोरच्या गठ्ठ्यातली एक वही उचलली. ‘‘समज, या वहीवर किंमत छापलीय दहा. एखाद्या दुकानदाराने ती नऊला विकली. त्याला कोण अडवेल?’’

त्याने विचार केला. चौथीत करायचा तसाच, खालचा ओठ दाताखाली धरून. ‘‘कोणी नाही.’’

‘‘बरोबर. आणि आठला?’’

‘‘तरी कोणी नाही.’’

‘‘मग?’’

मी थांबलो. माझ्या मते एकच पाऊल उरलं होतं. बाइंडरच्या चेहऱ्यावर उजेड आला. वर्गात त्या उजेडासाठी मी जगत असे.

‘‘मग मी सगळ्या वह्या उचलीन, गुरुजी,’’ तो म्हणाला. ‘‘दहाची वस्तू आठला. दोन सरळ खिशात.’’

कंपाउंडरने टाळी दिली. ‘‘हुशार आहे तुमचा विद्यार्थी! बघा मामा, गुरुजीसुद्धा घ्याच म्हणतायत.’’

‘‘मी तसं म्हणालो नाही,’’ मी म्हणालो.

‘‘नाही कसं? प्रश्नातच उत्तर असतं तुमच्या. शाळेतही असायचं.’’

मागे सुईचा आवाज थांबला होता. शिवताना दोरा फर्म्यातून ओढला की बारीक सर्रकन आवाज येतो, तो येत नव्हता. मी वळून पाहिलं. बाइंडरची बायको हातात दोरा ताणून माझ्याकडे बघत होती. मी हसलो. धीर धरा, अशा अर्थाने मानेनेच खूण केली. उद्याचा प्रश्न माझ्या डोक्यात तयार होता: वहीची पानं सुटायला लागली, दुकानदार आज आठला, उद्या पाचला द्यायला लागला, तर तू थांबशील की घेशील? या प्रश्नावर तो अडणार, याची मला खात्री होती. चूक रात्रभर राहू द्यावी.

घरी गेल्यावर मी तो प्रश्न कागदावर सुवाच्य लिहून काढला.

गुरुवारी दुपारी मी दुकानात पोचलो तेव्हा बाइंडरने सगळ्यांसाठी चहा मागवला होता. मशीनवर कापड टाकलं होतं, काम बंद. तो म्हणाला, ‘‘घेतले, गुरुजी. अकरा वीसने.’’

‘‘काय घेतले?’’

‘‘शेअर. हिची ठेव मोडली सकाळी. बँक उघडल्या उघडल्या गेलो दोघं. वीसपर्यंत आला तरी खोली होते. नाहीच आला, तर दहाला कुठे जातोय?’’

त्याची बायको स्टुलावर नव्हती. कंपाउंडर म्हणाला, वहिनी सही करून आल्या आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या. त्याने त्यांना एक गोळीही दिली होती.

ड्रायव्हरमामा खुर्चीत मागे रेलून बसले होते. ‘‘कोणी सांगितलं याला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘गुरुजींनी,’’ बाइंडर म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता.

कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. आता काढून उपयोग काय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तेव्हाही उपयोग होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी विकू शकला असता, दोन-चार आण्यांच्या फरकाने. पण चहा सगळ्यांच्या हातात होता आणि मी चुकलो होतो हे चहा पिता पिता कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही.

सोमवारी भाव नऊ साठ झाला. ‘‘छापल्याच्या खाली आलाय,’’ बाइंडर म्हणाला, जणू कोणीतरी मोजण्यात चूक केली होती आणि ती दुरुस्त होणार होती. कंपाउंडर म्हणाला, असं होतं, एक-दोन दिवस. बुधवारी सात झाला. तेव्हा कंपाउंडर यायचा थांबला. दवाखान्यात गर्दी आहे म्हणाला.

त्याच आठवड्यात बँकेच्या दारावर सरकारी नोटीस लागली. खात्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणार होती. रस्त्यावर रांग लागली. आमच्या ओळखीचा तो कॅशिअर आत काचेमागे बसून सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता. शेअर तीनवर आला, मग घेणाराच उरला नाही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. एक मोठी बँक ही बँक ताब्यात घेणार होती. ठेवी ज्यांच्या होत्या, त्यांना त्या पूर्ण मिळणार, व्याजासकट. शेअर ज्यांचे होते, त्यांचे शेअर रद्द. बदल्यात काही नाही. बातमी चार ओळींची होती.

ती मी बाइंडरला वाचून दाखवली. त्याने स्वतः आधीच वाचली होती, पण माझ्या तोंडून ऐकायची होती. ऐकून तो म्हणाला, ‘‘म्हणजे हिची ठेव तशीच राहिली असती तर...’’

‘‘पूर्ण मिळाली असती.’’

‘‘आणि दहाचं काय?’’

शून्याची दर्शनी किंमत शून्य आणि स्थानिक किंमतही शून्य, हाही त्याच धड्यातला भाग आहे. तो त्याला पाठ होता.

मुदत संपली त्या दिवशी मोबाइलवाल्याच्या माणसांनी मशीन बाहेर काढलं. सहा माणसं लागली. ते दारातून निघेना, म्हणून चौकटीची एक बाजू उखडली. बाइंडर मध्ये पडून म्हणाला, पात्याला हात लावू नका, बोटं जातील. त्याने पातं स्वतः सोडवलं, जुन्या पुठ्ठ्यात गुंडाळलं आणि काखेत घेऊन उभा राहिला. मशीन भंगारात गेलं. पुढे तो एका छापखान्यात लागला. तिथे पुस्तकं यंत्रावर चिकटवतात. गरम गोंदाच्या टाकीत डिंकाचे तुकडे टाकत राहायचं काम. आठ तास उभं. ड्रायव्हरमामा एकदा भेटून आले. म्हणाले, हातावर फोड आहेत, पण तुमची चौकशी करतो. गुरुजी बरे आहेत ना, विचारतो.

मी जाऊ शकलो नाही.

दुपारी माझ्याकडे गल्लीतली सात-आठ मुलं गणित शिकायला येतात. फी नसते. अशाच एका दुपारी बाइंडरची बायको दारात आली. मुलं गणितं सोडवत होती. ती चप्पल काढून आत आली, पण बसली नाही. पिशवीतून तिने माझी वही काढली. वर्षानुवर्षांच्या पाठांच्या टिपणांची ती जाड वही होती, मी दुकानात बांधायला दिलेली. विसरूनच गेलो होतो.

‘‘तुमची राहिली होती,’’ ती म्हणाली. ‘‘घरी शिवली.’’

मी उघडून पाहिली. पानं सपाट पडली. टाका न टाका सारखा.

‘‘सूनबाई, कशाला त्रास...’’

‘‘एक विचारायचं होतं.’’ तिचा आवाज शांत होता. ‘‘त्या बुधवारी तुम्ही वहीचा प्रश्न घातलात. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, दहाच्या खाली जातो म्हणून?’’

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माझी पद्धत, दुसऱ्या दिवशीचा प्रश्न, खिशातला कागद. तिच्या प्रश्नाला उलट प्रश्नही करता आला असता; आयुष्यभर तेच केलं होतं.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

तिने मान हलवली. बराच वेळ मनाशी धरलेला हिशेब जुळावा तशी.

‘‘मी सुई थांबवून बसले होते,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, आता गुरुजी सांगतील. रात्री हे म्हणाले, गुरुजी घ्या म्हणतात. मी म्हटलं, ते तर हसले फक्त. हे म्हणाले, चुकत असतो तर हसले असते का? म्हणून सकाळी सही केली.’’

एवढं बोलून तिने पिशवीची घडी केली, चप्पल घातली आणि गेली. शिवण्याचे पैसे तिने मागितले नाहीत, आणि देण्यासाठी मी हाक मारू शकलो नाही.

मुलं माझ्याकडे बघत होती. मी वही मिटली. सगळ्यात लहान मुलगी पाटी घेऊन पुढे आली. वजाबाकी होती. हातचा घ्यायचा विसरली होती.

‘‘चुकलं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘इथे हातचा राहिलाय. उत्तर सत्तेचाळीस.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग रुसून म्हणाली, ‘‘सांगितलं कशाला, गुरुजी? मी शोधणार होते ना.’’

‘‘माहीत आहे,’’ मी म्हणालो, आणि पुढच्या मुलाची पाटी घेऊन त्यालाही त्याची चूक सांगितली.